मोहितेबाईंचा मातीचा ढीग

जतच्या शाळेत चित्रकलेचा शिक्षक म्हणून मी रुजू झालो, त्या पहिल्याच सकाळची गोष्ट. सह्या-बिह्या करून मी मागच्या पायऱ्या उतरत होतो. खाली पटांगणात एक ठेंगणी, रुंद बांध्याची बाई मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. सुती पातळ, पदर कमरेला खोचलेला आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी शेवटच्या पायरीवर आलो तशी म्हणाली,

"सर, ल्हानपणी तुमाला लय कडंवर घेतलेलं दिसतंय."

मी थबकलो. "कशावरून?"

"उतरताना कुणाचा तरी हात शोधताय."

मी खाली बघितलं. माझा उजवा हात खरोखरच बाजूला पसरलेला होता, आणि त्या पायऱ्यांना कठडा नव्हता. तीन बहिणींच्या पाठीवर झालेला मी एकुलता एक. माझे पाय जमिनीला लागले ते थेट शाळेत घातल्यावर, असं आई अजून कौतुकानं सांगते. ही घरातली गुपितं या बाईला कुणी सांगितली? मी जमेल तेवढा रुबाब गोळा करून विचारलं, "आपण कोण?"

"मी मोहिते. बालवाडी माझ्याकडं हाय. घाबरू नगा सर, शिकशिला तुमी. अजून वय गेलं न्हाई."

मी तेव्हा तिशी ओलांडली होती!

माझ्या चित्रकलेच्या खोलीची खिडकी नेमकी बालवाडीच्या पटांगणावर उघडत होती. म्हणजे संस्थेनं मला पगारी खोली दिली होती आणि फुकट नाटकगृह. पुढची कित्येक वर्षं मी त्या खिडकीत उभा राहून जे बघितलं, ते आता तुम्हाला सांगतो. मुलांना मी तेवढ्या वेळात फळांची टोपली काढायला लावत असे. जत तालुक्यात फळांच्या टोपल्या उत्तम काढणारी एक पिढी तयार झाली, तिचं श्रेय मोहितेबाईंना आहे.

पटांगणाच्या मधोमध मातीचा एक ढीग होता. हायस्कूलच्या इमारतीचा पाया खणला तेव्हाची ती माती. कंत्राटदारानं विचारलं, कुठं टाकू? बाईंनी बोट दाखवलं, इथं. तो म्हणाला, परत उचलायला लावाल. बाई म्हणाल्या, "आधी टाक तर." तेव्हापासून तो ढीग तिथं होता. आजूबाजूला ट्रॅक्टरचे जुने टायर अर्धे पुरलेले, एक लिंबाचं आडवं खोड आणि जमिनीवर चुन्याची एक लांब रेघ. बालवाडीत खेळणी म्हणाल तर एवढीच. तक्ते, ठोकळे, रंगीत मणी कपाटात होते. कपाटाची किल्ली कुठं आहे हे बाईंना सहसा आठवत नसे.

रेघ होती ती तळ्यात-मळ्यातसाठी. पण आमच्याकडच्या पोरांनी तळं कुठं बघितलंय? उन्हाळ्यात गल्लीत टँकर आला की पाणी दिसायचं. म्हणून बाईंनी खेळाचं नाव बदललं. बाई ओरडायच्या, "टँकरात!" की सगळी पोरं दोन्ही पाय एकदम उचलून रेघेच्या आत. "मळ्यात!" की बाहेर. मग मध्येच, "टँकर आलाच न्हाई!" की जागच्या जागी गपकन खाली बसायचं. पोरं किंचाळायची. माझ्या वर्गातली फळांची टोपली हलायची.

बाईंची नजर कशी होती सांगू? त्या कधी पोरांकडे टक लावून बघत नसत. "बघितलं की नाटकं करत्यात. तुमच्यासारखी," हे मला. म्हणून ते सूप. खिचडीचे तांदूळ निवडायचं निमित्त करून त्या बसायच्या आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून सगळं पटांगण वाचायच्या. कोण पळताना हात छातीशी धरतंय, कोण पायरी चढताना दर वेळी तोच पाय पुढं टाकतंय, कोण चेंडू आला की झेलायच्या आधी डोळे मिटून घेतंय. मी खिडकीतून चिडवायचो, "बाई, तांदळात खडे राहिले."

"ऱ्हाऊ द्यात. पोरांत ऱ्हायला नगं."

खिचडीत खडे खरंच निघायचे. बालवाडीची खिचडी मुख्याध्यापकांनी एकदा चवीला घेतली आणि नंतर ते आठवडाभर दाताच्या डॉक्टरांकडे जात होते.

बाई मूळच्या वडूजकडच्या. नवरा फौजेतला. हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि सासरवाडीच्या लोकांच्या तावडीतून सुटायला की काय, जतच्या बाहेर सांगली रस्त्याला जागा घेऊन राहिले. बोलायला एकदम कमी. बाई काय म्हणतील त्यावर "ठीक" एवढंच. दर शनिवारी ते खांद्यावर कुदळ टाकून शाळेत यायचे आणि ढिगाच्या पायथ्याची माती उकरून, भुसभुशीत करून, हातानं चाचपून जायचे. वरून उडी मारणाऱ्या पोरांना खाली गादी पाहिजे ना, ती ही.

बाईंचं एक ब्रीद होतं, "आधी पाय, मग पाटी." दिवाळीपर्यंत बालवाडीत पेन्सिल येत नसे. त्यावरून पालक भांडायचे. एका पालकसभेत डाळिंबाचे बागायतदार एक गृहस्थ उठून म्हणाले, "बाई, शेजारचं पोरगं एबीसीडी लिहितंय आणि आमचं नुसतं बेडूकउड्या मारतंय. ह्यात काय शिक्षण?"

बाई म्हणाल्या, "बरं. तुमी जरा एका पायावर उभं ऱ्हावा."

"कशाला?"

"ऱ्हावा तर."

ते उभे राहिले आणि शेजारच्या ग्रामसेवकांच्या अंगावर गेले. मग ग्रामसेवकांना उभं केलं. ते टेबलावर गेले. मग बाईंनी सगळ्या सभेला उठवलं, पदर खोचायला लावले, आणि टँकरात-मळ्यात सुरू केलं. एक आजी सोडता सगळे बाद झाले. आजी जिंकल्या म्हणून त्यांना नारळ दिला. बागायतदार घाम पुसत म्हणाले, "पण माझ्या प्रश्नाचं उत्तर?"

"त्येच चाललंय की मघापासनं."

उत्तर मिळालं की नाही मला अजून माहीत नाही. पण त्यांचं दुसरं पोरगंही पुढं बाईंकडेच आलं.

प्रवेशाची मुलाखत बाई शाळेत घेत नसत. ती व्हायची बोरन्हाणात. संक्रांत झाली की रथसप्तमीपर्यंत गावात घरोघरी बोरन्हाणं. लहान पोराला काळे कपडे घालायचे, हलव्याचे दागिने घालायचे, पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, रेवड्या, गोळ्या ओतायच्या. मग जमलेली पोरं त्यावर तुटून पडतात. मोहितेबाई बोलावलं तरी जायच्या, नाही बोलावलं तरी जायच्या. भिंतीला टेकून बसायच्या, हळदीकुंकू लावून घ्यायच्या आणि ती झुंबड बघायच्या. झुंबड संपली की आयांना निकाल.

"वहिनी, तुमचं जूनला धाडा. गुडघं न टेकता उकिडवं बसतंय, मुठी भरलेल्या असताना पळतंय. ह्याची मुलाखत झाली."

आणि एखादं पोर रिकाम्या मुठीनं कोपऱ्यात उभं असायचं. वाकायला भ्यायचं, कुणी धक्का दिला की भोकाड पसरायचं. त्याच्या आईचा चेहरा पडायचा. बाई तिच्या हातातलं तिळगुळाचं ताट बाजूला सारून म्हणायच्या, "ह्याला मातर जूनपातूर थांबवू नगा. उद्याच धाडा."

नापास झालेल्याला आधी प्रवेश देणारी शाळा मी दुसरी बघितली नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाईंची नजर म्हणजे देवाचा कौलच. छे! बाई एकदा अशा आपटल्या की जत तालुक्यात त्याचा आवाज झाला. आणि तो किस्सा त्या स्वतःच, हातवारे करून, सगळ्यांना सांगायच्या.

कर्नाटकच्या हद्दीजवळच्या एका मेंढपाळ वस्तीवरचा बिरू नावाचा पोरगा त्या वर्षी आला होता. घरात कन्नड, बालवाडीत मुकं. पळायचा, उड्या मारायचा, पण थांबला की उजवा पाय वर उचलून डाव्या गुडघ्याला टेकवायचा आणि एका पायावर उभा राहायचा. बाईंचं सूप थांबलं. त्यांनी चार दिवस बघितलं. मग मला खिडकीशी येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "सर, उजव्या पायात कायतरी हाय. पोरगं वजन टाकत न्हाई."

हवालदार आणि बाई त्याला घेऊन मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी पाय ओढला, वाकवला, फोटो काढला. काही नाही. बाई डॉक्टरांशी भांडल्या. "नीट बघा. मी रोज बघते." डॉक्टरांनी परत बघितलं. काही नाही. बाई परत आल्या त्या तोंड पाडून.

दुसऱ्या दिवशी बिरूचे आजोबा शाळेच्या फाटकात. खांद्यावर घोंगडं, हातात उंच काठी. नातवाला मिरजेला नेलं म्हणून जीव खालीवर झालेला. "एनाग्यैती?" काय झालंय, असं विचारत विचारत म्हातारबाबांनी काठीवर रेलून उजवा पाय उचलला आणि डाव्या गुडघ्याला टेकवला. त्यांच्या मागं बिरू. त्यानंही तस्संच. रानात मेंढरांवर नजर ठेवत दिवसभर उभं राहायची ती त्यांच्या घराण्याची रीत!

बाईंनी आधी आजोबांकडे बघितलं, मग नातवाकडे. आणि जमिनीवर बसून त्या जे हसत सुटल्या, की म्हाताराही हसायला लागला. का हसतोय ते त्याला शेवटपर्यंत कळलं नसावं. दुसऱ्या दिवसापासून बालवाडीत नवीन खेळ, मेंढपाळ. सगळ्यांनी एका पायावर उभं राहायचं, कोण जास्त वेळ राहतं बघायचं. बिरू अर्थातच राजा. मीही एकदा उतरलो होतो. ते जाऊ द्या.

आता ढिगाचं ऐकवतो.

ओवी नावाची एक मुलगी होती. तिची आई सविता एसटीत कंडक्टर. बाप पुण्याला कामाला, घरी आजी. ओवी म्हणजे ढिगाची पाटलीणच. चढायची पळत, वर कमरेवर हात ठेवून चौफेर बघायची, आणि दोन्ही पाय जुळवून अशी झेप घ्यायची की मी टोपली काढणाऱ्यांनाही खिडकीत बोलवायचो. "बघा रे, ह्याला म्हणतात रेषा!"

एका थंडीत हवालदार यात्रेसाठी गावाकडे गेले. शनिवार आला आणि गेला. पायथ्याची माती उकरायची राहिली. आमच्याकडची माती ती, पाण्याविना चार दिवसांत तिचा दगड होतो. ओवीनं नेहमीसारखी झेप घेतली आणि हातावर आली. मनगट मोडलं.

मोटारसायकलवर मी पुढं, बाई मागं, मधे ओवी. दवाखान्यात प्लॅस्टर चाललं होतं तेव्हा सविता आली. खाकी गणवेश, तिकिटाचं मशीन अजून गळ्यात. सांगलीच्या फेरीवरून तिला मधेच उतरवून घेतलं होतं.

"बाई, तुमी कुठं बघत हुता?"

"तिच्याकडंच."

"मग?"

"बघितल्यानं पडायचं थांबत न्हाई सविता. पर खालची माती उकरायला पायजे हुती. ती ऱ्हायली. ती चूक माझी."

सवितानं तोंड फिरवलं. प्लॅस्टर होईपर्यंत बाई तिथंच बाकड्यावर बसून राहिल्या.

सवितानं तक्रार केली आणि आठवड्याभरात संस्थेची सभा लागली. अध्यक्षांना सगळे आबा म्हणत. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. त्यांनी एका दमात सांगून टाकलं, "बाई, उद्या कुणाचं डोकं फुटलं तर संस्थेला कुलूप लागंल. ढीग काढायचा, खाली ब्लॉक बसवायचे. सांगलीवरनं प्लास्टिकची घसरगुंडी आणू, कडंला कठडा असलेली. आणि तुमी माफीचं चार ओळी लिहून द्या. विषय मिटला."

बाई उठल्या. "माती उकरली न्हाई, त्याची माफी त्या पोरीची मागितली. तिच्या आईची मागितली. तुमची बी मागते. पर ढिगाची माफी मागणार न्हाई."

"अवो पण तुमीच कबूल करताय की..."

"माती टणक ऱ्हायली ही चूक. पोरीनं उडी मारली ही चूक न्हवं. तुमी ब्लॉक टाका, मग ती घराच्या माळवदावरनं मारंल. तिथं मी नसंन."

आबांनी सविताकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. तक्रार तिची होती. तिनं दोन शब्द बोलायचे आणि ढीग जायचा, एवढंच बाकी होतं. ती उभी राहिली ती पाय फाकवून, चालत्या गाडीत उभी असल्यासारखी.

"माझा बाईंवर राग हाय," ती म्हणाली. "अजून हाय. पर आबा, आत्ता ढीग काढलासा तर माझी पोरगी जन्मभर म्हणंल, मी पडले म्हणून सगळ्यांचा ढीग गेला. शाळंतली पोरं बी तिला त्येच म्हणतील. ती परत उडी मारंपातूर ढिगाला हात लावायचा न्हाई. मग काढा न्हाईतर ठेवा, मला काय न्हाई त्याचं."

आबांनी टाळू खाजवली. शेवटी ठरलं. उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत मुदत. ओवीनं तोवर उडी मारली तर ढीग राहील. नाही तर ट्रॅक्टर येईल. सभेतून बाहेर पडताना बाई मला म्हणाल्या, "आता बघा, सगळं गाव त्या पोरीच्या मागं लागंल."

आणि लागलंच! प्लॅस्टर निघालं, ओवी परत आली. पण ढिगावर जाईना. पायथ्याला बसून मातीच्या भाकरी थापायची आणि विकायची. वर बघायची नाही. मी खिडकीतून चॉकलेट दाखवलं. शिपाईमामांनी डोंबाऱ्याच्या पोरांच्या गोष्टी सांगितल्या. सगळ्यात कहर म्हणजे खुद्द आबा. ज्यांना ढीग काढायचा होता, तेच रोज चहाच्या वेळेला पटांगणात हजर. "ओवीबाळ, मार की गं एक. बारकीशीच मार. लई मजा येते म्हणं!"

बाईंनी आम्हा तिघांनाही हाकललं. "तिच्या अंगाला डोळं चिकटवू नगा! जावा आपापल्या कामाला!"

बाईंना काळजी नव्हती असं नाही. एकदा मी बघितलं, सूप मांडीवर उलटं धरलेलं, तांदूळ सगळे पदरात सांडलेले, आणि त्यांना पत्ताच नव्हता. ओवी त्या दिवशी निम्म्या ढिगापर्यंत चढली होती. मग तिथंच बसली आणि बुडावरून घसरत खाली आली.

सुट्टी जवळ आली तसा माझा धीर सुटला. मी म्हटलं, "बाई, हाताला धरा तिला. अर्ध्यातनं उडी मारवा. मी साक्षीदार, शिपाईमामा साक्षीदार. आबाही आतून तयार आहेत. ढीग वाचेल."

"ती उडी तुमची झाली सर. तिची न्हवं."

"पण ढीग जाईल ना!"

"जाऊ द्या की. माती हाय ती."

असं म्हणून त्यांनी सूप झटकलं. मला त्या बाईचा भयंकर राग आला होता, हे इथं नोंदवून ठेवतो.

शेवटचा दिवस. ऊन रणरणतं. ट्रॅक्टर, ट्रॉली, फावडी घेतलेली दोन माणसं. आबा छत्री धरून उभे. पोरं ओळीनं भिंतीच्या सावलीत. आणि ओवी उठली. कुणाला काही न सांगता ढिगावर चढायला लागली. निम्म्यावर थांबली नाही. वर गेली आणि उभी राहिली.

ड्रायव्हरनं इंजिन चालू ठेवलं होतं. आबांनीच त्याला हातानं खूण केली, बंद कर. ओवीनं खाली बघितलं. पाय जुळवले. गुडघे वाकवले. माझ्या खिडकीत निम्मा वर्ग कोंबलेला होता.

मग तिनं पाय सोडवले. पाठमोरी झाली, पोटावर झोपली, आणि पायानं चाचपत चाचपत, उलटी, सावकाश खाली उतरली.

शेवटी आबा खाकरले. छत्री मिटली. "बाई, झालं की. वर गेली, खाली आली, कुठं लागलं न्हाई. आपण उडीच समजू. काय म्हणता? राहू दे ढीग."

मी खिडकीत जवळजवळ टाळी वाजवली. आणि ती बाई, काय म्हणावं तिला, म्हणाली, "न्हाई आबा. ही उडी न्हवं."

"अवो मी ठेवतोय म्हणतोय!"

"तुमी ठेवताय, लय चांगलं. पर तिच्या नावावर खोटी उडी लावून न्हाई. ती हितं उभी हाय, तिला समजतंय. उद्यापासनं ती खरं काय आन् खोटं काय, कुणाला इचारंल?" मग ओवीकडे वळून, "तू उतरलीस त्ये झ्याक उतरलीस. लय अवघड असतंय उलटं उतरणं. पर उडी न्हवं. व्हय का न्हाई?"

ओवीनं मान हलवली. न्हवं.

आबा लाल झाले. उदार व्हायला निघालेल्या माणसाला भर उन्हात, गावासमोर परतवून लावणं म्हणजे काय ते तुम्ही समजू शकता. "मग भरा रं!" ते ओरडले. "ठरल्यापरमानं!"

फावडी चालली. ढीग ट्रॉलीत गेला. ड्रायव्हरनं विचारलं, "आबा, कुठं टाकू?"

"टाक खड्ड्यात!"

"माझ्या दारात टाक," बाई म्हणाल्या. "सांगली रस्त्याला. तुझी पोरगी होती माझ्याकडं, घर ठाऊक हाय तुला."

ड्रायव्हरनं आबांकडे बघितलं. आबांनी छत्री उघडली. बाईंनी ऑफिसात जाऊन कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. सापडली म्हणजे! मग बाहेर येऊन पदर खोचला, ट्रॉलीच्या चाकावर एक पाय दिला, कडेला धरलं आणि वर चढल्या.

"बाई," आबांचा आवाज एकदम खाली आला, "ढीग गेला तो गेला. तुमी कुठं निघाला?"

"ढिगासंगं."

आणि मातीच्या ढिगावर, पांढरे बूट पुढं करून, मोहितेबाई बसल्या. ट्रॅक्टर जतच्या बाजारपेठेतून गेला. मागं बालवाडीची पोरं पळत होती, कोण हात छातीशी धरून, कोण हात हलवत. भांड्यांच्या दुकानातून, टपऱ्यांतून माणसं बाहेर आली. कुणी मराठीत विचारलं, कुणी कन्नडमध्ये विचारलं, ही मिरवणूक कसली? बाई वरून हात करून सांगत होत्या, "शाळा चाललीया! जूनला पोरं धाडा!"

शाळेत ब्लॉक बसले. घसरगुंडी आली, तिच्यावर ऊन पडलं की पोरांच्या बुडाला चटका बसतो. आमच्या खिडकीतलं नाटक बंद पडलं. माझ्या वर्गातली फळांची टोपली आता कुणी बिघडवत नाही, आणि पहिल्यासारखी काढतही नाही.

बाईंना मी शेवटचं बघितलं ते त्याच जूनमध्ये. सकाळच्या एसटीनं सांगलीला निघालो होतो, दाराजवळच्या सीटवर. कंडक्टर सविता. तिच्या पायाशी दप्तर घेऊन ओवी. जतच्या बाहेर बाईंच्या घरापाशी सवितानं घंटी मारली आणि गाडी थांबली. रस्त्याच्या कडेला बाई उभ्या होत्या. दारापासून बऱ्याच लांब. दोन्ही हात पाठीमागं बांधलेले.

सविता ओवीला उचलायला वाकली. ओवी म्हणाली, "आई, सोड."

ती एक पायरी उतरली. दुसरी उतरली. शेवटच्या पायरीवर थांबली. एसटीची शेवटची पायरी किती उंच असते, ते गुडघे दुखणाऱ्या कुणालाही विचारा. ओवीनं खाली बघितलं. मुरूम, जरा खडी. तिनं पाय जुळवले.

मागून एक पागोटेवाले ओरडले, "आवं कंडक्टरबाई, हाणा की घंटी! मला कोर्टात तारीख हाय!"

"गप बसा दादा," सविता मागं न बघता म्हणाली. "पोरगी उतरतीया."

"मग उचला की तिला!"

"तुमाला कोण उचलतंय का? गप बसा."

ड्रायव्हरनं आरशातून बघितलं आणि इंजिन तसंच गुरगुरत ठेवलं. मला खिडकीतून बाईंची बाजू दिसत होती. पाठीमागं बांधलेल्या हातांची बोटं एकमेकांत अशी आवळलेली, की नखं पांढरी पडली होती. पाऊल त्यांनी पुढं टाकलं नाही. गाडीतली माणसं एकेक करून उठून दाराकडे बघायला लागली. कोर्टवालेही उठले.

ओवीनं गुडघे वाकवले आणि झेप घेतली.

दोन्ही पाय एकदम टेकले. पुढं झुकली, एक हात मुरमावर आला, तोच मोडलेला. उठली. हात झग्याला पुसला. बाईंकडे बघितलं.

बाई शाब्बास म्हणाल्या नाहीत. "चल, पोरं वाट बघत्यात," एवढंच म्हणाल्या आणि वळून चालू लागल्या. घराकडे, झपाझप, त्या पांढऱ्या बुटांनी. ओवी मागून पळाली.

सवितानं दोरी ओढली. गाडी सुटायला दोन टोले लागतात. तिनं दोन मारले, मग आणखी मारले, मग मारतच राहिली.

"आगं बास की!" ड्रायव्हर पुढून ओरडला. "निघालो मी केव्हाचा!"